शेवाळाच्या बाटलीमागचा उजेड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? — माहीत नाही. सांगतोय.

मी सांगलीचा, नोकरीसाठी चेन्नईत आलो आणि इथलाच झालो. हिरवं शेवाळ उजेडातून हायड्रोजन बनवतं. पडलेल्या उजेडापैकी कितीचं इंधन झालं, एवढंच आमच्या प्रयोगशाळेत मोजायचं. दिव्याखाली ठेवलेल्या माझ्या बाटलीचा आकडा सगळ्यांपेक्षा मोठा आला. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी मैसूरपाक वाटला. माझी कॉलर ताठ!

मग सेल्वी आली. माझी ज्युनिअर, वेलचेरीहून शेअर ऑटोने यायची, मला अण्णा म्हणायची. तेच शेवाळ तिने गच्चीवर खऱ्या उन्हात ठेवलं. तिचा आकडा माझ्या निम्म्यावरही जाईना. मनात पाल चुकचुकली. एका रविवारी, कुणी नसताना, मी माझा प्रयोग पुन्हा लावला. आणि कळलं — प्रकाशमापक मी बाटलीच्या पुढे नाही, मागे धरत आलो होतो. शेवाळाने गिळून उरलेला उजेडच मी मोजला होता. उजेड कमी धरला, की आकडा आपोआप फुगतो. शेंबड्या पोरालाही कळेल अशी चूक. पण चूक होतेच की माणसाकडून. ती मला सांगायची नाहीये.

सांगायचंय ते सोमवारचं. मीटिंगमध्ये मॅडमनी विचारलं, दोघांच्या आकड्यांत एवढा फरक का? मला माहीत होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "सेल्वीच्या बाटल्यांची बुचं गळत असतील." हायड्रोजन कुठल्याही फटीतून निसटतो — कोण नाही म्हणणार? सगळ्यांना पटलं. तिलाही.

तिने बुचं बदलली. मेण लावलं. अख्खा उन्हाळा त्या तापलेल्या गच्चीवर काढला. "पारुंग अण्णा — बघा ना, अजून गळतंय का?" आणि मी — मी वाकून बघायचो! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात. मी तर बोंबही मारली नाही, गोड बोललो. शेवटी तिने पीएचडी सोडली. आपल्या हातालाच कसब नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं.

परवा अण्णा नगरला मेट्रोत भेटली, नवऱ्यासोबत. तमिळमध्ये त्याला सांगू लागली, हेच ते अण्णा. बाकी सगळे वैतागले होते, हे एकटेच माझ्या बाटल्यांपाशी येऊन बसायचे. त्याने मला हात जोडले. मला लाज वाटली, फार लाज वाटली. आणि मीही हात जोडले.