दट्ट्यावरचा भार

खामगावच्या जिनिंग-प्रेसात आम्ही दोघं भाऊ फिटर होतो. रुईच्या गाठी दाबणाऱ्या यंत्रातली युक्ती मी घरी आणली. भंगारातलं लोखंडी नळकांडं अंगणात उभं केलं. त्यात चामड्याची कडा लावलेला दट्ट्या, त्याच्या दांड्यावर फळी, फळीवर मोडकी जाती नि दगड. साखळीनं फळी वर ओढली की हौदातलं पाणी नळकांड्यात चढे. मग खीळ घालून भार अडकवायचा. खीळ काढली की दगडांच्या वजनानं दट्ट्या खाली दबे आणि पाणी नळीतून माडीवर जाई. प्रेसातला गोरा साहेबही एकदा बघून गेला.

माडीवर मी आणि माझी बायको. खाली वडील, धाकटा आणि त्याची बायको. रोज साखळी ओढायचा धाकटा, आणि त्याची बायको पोटुशी असूनही विहिरीचं पाणी शेंदायची. तो म्हणे, एक तोटी खालीही काढ. मी नाही म्हणालो. कारण काही नव्हतं. युक्ती माझी, तोटी माझी, एवढंच.

त्या सकाळी तो चामड्याला चरबी चोळत होता. त्यासाठी दट्ट्या पार तोंडाशी ओढून ठेवावा लागे. मग आत हवा शिरे, आणि खीळ निघाली की भार आधी धाडकन पडे, नंतर पाण्यावर टेकून सावकाश उतरे. हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

"दादा, वहिनी काय पालखीत बसून आली?" तो म्हणाला. "माह्या बायकोनं पोट सांभायत पानी शेंदाचं, अन् तिनं वर बसून पाय धुवाचे."

मी त्याच्या मुस्काटात मारली. त्यानं माझा सदरा धरून मला हौदाच्या कडेवर आपटलं. माझा ओठ फुटला. तो हसला आणि माझ्याकडे पाठ करून पुन्हा चरबी चोळू लागला. त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं.

प्रेसात नियम होता. भार सोडण्याआधी विचारायचं, आणि खालच्यानं 'हाव', म्हणजे हो, म्हटल्याशिवाय खिळीला हात लावायचा नाही. मी खीळ धरली.

"काढू?"

"काढ ना बे. हाव म्हनतो. हाये का दम?"

त्याची बोटं नळकांड्याच्या कडेवर, दट्ट्याखाली होती. मला दिसत होती. मी खीळ काढली.

ओल्या लाकडावर कुऱ्हाड बसावी तसा आवाज झाला. फळी कलंडली, वरचा दगड घसरून त्याच्या खांद्यावर आला. साखळी माझ्या हाताशी होती. ती ओढायचं सोडून मी उभा राहिलो. माडीवर तोटी वाहत होती, तिचा आवाज येत होता. शेवटी वडिलांनी धावत येऊन साखळी ओढली.

"मी इचारलं होतं," मी म्हणालो. "तो हाव म्हनला."

वडिलांचा जन्म प्रेसात गेलेला. त्यांनी पायातली वहाण काढली आणि रक्तानं माखलेल्या धाकट्याला मारत सुटले. "हात आत असतांनी हाव म्हनतेस काऊन?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "हाव, म्हनलो मी," एवढंच बोलला.

तीन बोटं गेली. प्रेसानं त्याला ठेवलं नाही. बायकोला घेऊन तो सुलतानपूरला, सासऱ्याच्या शेतावर गेला.

नव्या माणसांना नियम शिकवताना मी वर्षानुवर्षं त्याचाच दाखला दिला. बेसावध होता, म्हणून बोटं गेली, असं सांगितलं. तो बेसावध नव्हता. मी खीळ काढणार नाही, याची त्याला खात्री होती.