उजव्या पायाची पावडी

माझ्या बाबांच्या उजव्या पायाचा अंगठा सुजला तेव्हा लग्न तोंडावर आलं होतं आणि मागावरची साडी अर्धीच झाली होती. लग्न माझ्या लेकीचं आणि साडीही तिचीच. अंतरपाट धरला जाईल तेव्हा नातीच्या अंगावर आपल्या मागावरचीच साडी असणार, असं बाबांनी सगळ्या गोतात सांगून ठेवलं होतं. बाबा कमी बोलतात, पण एकदा बोलले की मागे फिरत नाहीत. आमच्या कोष्टी गल्लीत आता माग शोधावा लागतो. चुलतभावांपैकी एक खापरखेड्याच्या वीजकेंद्रात लागला, दुसऱ्यानं ऑटो घेतला, मी शाळेत शिकवते आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला बेसा भागात फ्लॅटमध्ये राहते. बाबांनी मात्र मागच्या खोलीतला खड्ड्याचा माग कुणाला हलवू दिला नाही.

या मागावर विणकर जमिनीलगतच्या फळीवर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि खालच्या दोन पावड्या आळीपाळीनं दाबतो. एक दाबली की ताण्याचे अर्धे उभे धागे वर जातात, दुसरी दाबली की उरलेले अर्धे. मधून आडवा धागा घेऊन धोटा पळतो. लोकांना वरचे हात दिसतात, म्हणून कौतुक हातांचं होतं. खाली अंधारात अंगठे काय करतात ते कुणी वाकून बघत नाही. मी लहानपणी बघायची. बाबांचे अंगठे मला त्यांच्या चेहऱ्यापेक्षा जास्त बोलके वाटायचे.

तर तो अंगठा एका सकाळी टम्म सुजून लाल झाला. बुडाचा सांधा चकचकीत दिसत होता आणि हात जवळ नेला तरी गरम लागायचा. बाबा सहसा कण्हत नाहीत, पण त्या दिवशी चादरीचं टोक अंगठ्याला लागलं आणि ते ओरडले.

मग आमच्या घरातलं वैद्यकशास्त्र सुरू झालं. त्याचा मला कायम राग येतो, आणि त्यात मीही हिरीरीनं भाग घेते. बाबांचं म्हणणं, पावडीनं अंगठा धरला. मला वाटलं नख आत रुतलं असेल, म्हणून मी चष्मा लावून नख तपासलं. ते चांगलं होतं. लेक म्हणाली, लग्नासाठी घेतलेले नवे बूट आजोबा घरात घालून बघत होते, ते चावले असतील. तिनं खेळाडू मारतात तो फवारा आणून मारला. शेजारच्या काकूंनी हळद-चुना लावायला सांगितला, तोही लागला. अंगठा पिवळा झाला, बाकी फरक काही पडला नाही.

आईनं या कशावरच विश्वास ठेवला नाही. आमच्याकडे पाय दुखले की खुरांचा रस्सा देतात. बाळंतिणीला देतात, हाड मोडलेल्याला देतात, मागावर बसणाऱ्याला तर देतातच. बोकडाचे खूर भाजायचे, खरवडायचे, पाट्यावरचा सावजी मसाला घालून मंद आचेवर शिजवत ठेवायचे. आईच्या हाताला जी चव आहे ती मला जन्मात जमली नाही, हे मी लिहून देते. तिनं रोज सकाळी वाडगाभर रस्सा बाबांसमोर ठेवला, आणि सोबत कलेजीही भाजून दिली.

"प्या गरम गरम," ती म्हणायची. "पायात ताकद येईन, मंग बसा मागावर."

बाबा प्यायचे. वाडगा पुसून घ्यायचे. आणि अंगठा आणखी फुगायचा. ते एकदा भिंतीला धरून मागापर्यंत गेले, खड्ड्यात पाय सोडला, पावडीला अंगठा लावला आणि घामानं भिजून परत आले. अर्धी साडी आणि पदर अजून विणायचा होता. ऑटोवाल्या चुलतभावाच्या बायकोनं हळूच सुचवलं, कामठीहून यंत्रमागावरची साडी आणू, अशीच दिसते. बाबांनी तोंड मागाकडे फिरवलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना ऑटोत घालून डॉक्टरकडे नेलं. आई अर्थातच सोबत आली.

डॉक्टर तरुण बाई होत्या, घाई न करणाऱ्या. त्यांनी नख पाहिलं, बोटांच्या बेचक्या उघडून बुरशी आहे का ते पाहिलं, कुठे जखम किंवा पू नाही ना याची खात्री केली, साखर आहे का, मार लागला होता का, ताप आला का, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "काका, पाणी किती पिता?"

"दोन गिलास," बाबा म्हणाले. "जास्त पेलो त घडीघडी मागावरून उठा लागते ना."

"या उन्हात दोन ग्लास?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "आणि खाण्यात काय आहे सध्या?"

आई पुढे सरकली. तिला वाटलं, आता शाबासकी मिळणार. "खुराचा रस्सा देऊन राहिली मी रोज. अन् कलेजी. दुसरं काई नाई."

डॉक्टर हसल्या नाहीत, हे मला फार आवडलं. त्यांनी आईला समोर बसवून सांगितलं की रक्तातलं युरिक ॲसिड वाढलं की त्याचे बारीक खडे सांध्यात बसतात, बहुतेकदा पहिल्यांदा अंगठ्याच्याच बुडाशी. ते वाढतं ते कलेजीनं, खुरांनी, असल्या रश्शानं, दारूनं आणि पाणी कमी पिण्यानं. "याला गाऊट म्हणतात, मावशी. तुमचा रस्सा चांगलाच असेल. फक्त या दुखण्याला नको." रक्त तपासायला दिलं, मूत्रपिंडं ठीक आहेत हे बघून सुजेच्या गोळ्या दिल्या. फडक्यात गुंडाळून बर्फ लावायचा, पाय उशीवर उंच ठेवायचा, पाणी भरपूर प्यायचं आणि सूज पूर्ण उतरेपर्यंत पावडीला पाय लावायचा नाही. आराम पडला तरी पुन्हा दाखवायला यायचं.

घरी आल्यावर आईनं पातेल्यातला रस्सा शेजारी देऊन टाकला, पातेलं घासलं, पालथं घातलं आणि उंबऱ्यावर जाऊन बसली.

"मीच वाढलं ना रोज," ती म्हणाली. "माह्याच हातानं."

मी काहीबाही समजावलं. तिनं ऐकलं नाही. ती मागाच्या खोलीकडे बघत होती.

इथे एक सांगायला हवं. आमच्या घरात बाया कांड्या भरतात, ताणा सोडवतात, खळ लावतात, तुटलेला धागा सांधतात. पण खड्ड्यात पाय सोडत नाहीत. आजीनं आईला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तसं बजावलं होतं आणि आईनं ते आयुष्यभर पाळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा मागाच्या फळीवर, दुखरा पाय उशीवर ठेवून बसले होते, साडीकडे बघत. आई आली, मागाला हात लावून नमस्कार केला आणि म्हणाली, "सरका तिकडे."

"काहून?"

"डावा पाय तुमचा चांगला हाय ना? तो टाका खाली. उजवा माहा."

बाबा सरकले. दोघं त्या अरुंद फळीवर एकमेकांना चिकटून बसली, बाबांचा दुखरा पाय वर मुडपलेला, आईनं लुगडं खोचून उजवा पाय खड्ड्यात सोडलेला. मी दारात उभी होते, आणि आपल्या आईवडिलांना असं खेटून बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

पहिला दिवस भांडणाचा गेला. आई पावडी उशिरा दाबायची, धोटा अडायचा, धागा तुटायचा.

"दाब वं! आता! झोपली का तू?"

"वरडू नका. वरडल्यानं पाय चालत नाई माहा."

तुटलेला धागा आईच सांधायची, कारण ते तिला त्यांच्यापेक्षा चांगलं येतं, आणि सांधताना तोंडही चालूच. पण हळूहळू बाबांनी ओरडणं सोडलं. ते तोंडातल्या तोंडात ठेका धरू लागले आणि आई त्या ठेक्यावर पाय टाकू लागली. मधेच ती पाय थांबवून त्यांना पाण्याचा गिलास द्यायची. उठायला लागतं म्हणून बाबांनी कुरकूर केली तर म्हणायची, "उठा मंग. मी हाय ना बसून." कूलरच्या घरघरीत मागाचा आवाज पुन्हा गल्लीत ऐकू येऊ लागला. मी शाळेला सुट्टी असल्यानं रोज यायची आणि काही ना काही निमित्त काढून त्या दारात उभी राहायची. या वयात, गुडघे दुखत असताना, आई नवं काम शिकत होती. मला तिचा फार अभिमान वाटायचा.

पदर पुरा व्हायला आला. अगदी दोन बोटं विणायचं उरलं तेव्हा बाबांनी हात थांबवला आणि धोटा पळवायच्या दोरीची मूठ आईच्या हातात दिली.

"तू मार आता. पावड्या मी पाहातो."

आईला काही कळेना. मग तिनं खाली वाकून खड्ड्यात पाहिलं. बाबांचे दोन्ही पाय पावड्यांवर होते. उजवा अंगठाही, सूज उतरलेला, सुरकुतलेला, नेहमीसारखा पावडीवर टेकलेला.

"बरा झाला?" आई म्हणाली. "कई?"

"झाले चार-सहा दिवस."

"मंग मले काहून राबवून राहिले होते?"

"तुले ऊठ म्हनाची हिंमत नाई झाली वं," बाबा म्हणाले.

आईनं पदरानं डोळे पुसले, मूठ घट्ट धरली आणि ओढली.