घाई काय आहे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते आहे, तेही अडखळतच.

माझी सगळी कामं वेळच्या वेळी होतात. नागपूरच्या सक्करदऱ्यात आमच्या इमारतीची सचिव मीच. पाण्याची टाकी, लिफ्ट, सफाई, सगळं मोबाइलच्या ग्रुपवरून चालवते. माहेरीही माझा शब्द शेवटचा. धाकटा भाऊ दिनू नरखेडकडे संत्र्याची बाग पाहतो, आई त्याच्याजवळ असते. काही ठरवायचं असलं की तो मला फोन करतो. आणि मी — मी त्याचा फोन कसा घ्यायचे, तेच तर सांगायचं आहे.

कानात इअरफोन, अंगठा ग्रुपवर. दिनू लांबण लावतो. आधी पाऊस, मग विहिरीवरची मोटार, मग मुद्दा. मी मध्येमध्ये ‘हं’ म्हणायचे, ‘हो का’ म्हणायचे. त्याचा आवाज चढून थांबला की समजायचं, काहीतरी विचारलंय. मग माझं ठरलेलं उत्तर — ‘बघू ना, घाई काय आहे.’ बहुतेक वेळा ते जुळायचं. एका वेळी दोन कामं होतात म्हणून मला अभिमानही होता. खोटं कशाला बोलू?

त्या दुपारी ग्रुपवर भांडण पेटलं होतं, लिफ्ट कुणाच्या पोरांनी बिघडवली त्यावरून. मी भराभर उत्तर टाइप करत होते. कानात दिनू होता. आवाज थांबला. मी म्हणाले, ‘घाई काय आहे.’ तो ‘बरं’ म्हणाला. मी त्या दिवसाच्या यादीतलं ‘दिनू’ खोडलं.

संत्र्याचा तोडा आटोपल्यावर तो आईला घेऊन नागपूरला आला. डोळ्यांचे डॉक्टर बराच वेळ तपासत राहिले. काचबिंदू. डाव्या डोळ्याची नजर गेली होती. ती आता परत येणार नव्हती.

‘आधी का नाही आणलंत?’

‘तिकडच्या डॉक्टरनं सांगतलं होतं, लवकर न्या म्हणून,’ दिनू म्हणाला. ‘पण आई भेत होती. म्हणे, तोडा होऊ दे. मंग मी ताईले विचारलं. ताई म्हणाली, घाई काय आहे.’

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. एकच वाक्य बोलायचं होतं — मी ऐकतच नव्हते. तोंडाशी आलंही होतं. आणि मी काय म्हणाले? ‘मला वाटलं, हा आजार हळूहळू वाढतो.’ उभ्या उभ्या कारण रचलं. अंदाज चुकलेली बाई म्हणवून घ्यायला माझी हरकत नव्हती. न ऐकणारी बाई — ते मात्र नको होतं.

बाहेर बाकावर दिनूच माझी समजूत घालू लागला. ‘मनाले काहून लावून घेतं, ताई? तू त विचार करूनच सांगतलं असन.’

‘तिले काही म्हणू नको गा,’ आई म्हणाली. ‘तिच्यामागं लय कामं असतात.’

मी तिच्या डाव्या बाजूला बसले होते. मला पाहायला तिला पूर्ण मान वळवावी लागली.

दिनू अजूनही सगळं मलाच विचारतो. परवा त्याचा फोन आला. तो बोलत होता आणि माझा अंगठा — हो, पुन्हा ग्रुपवरच. त्याचा आवाज थांबला. ठरलेलं उत्तर ओठावर आलं होतं. ते मागे सारून म्हणाले, ‘दिनू, परत सांग. माझं लक्ष नव्हतं. तेव्हाही —’

तो हसायलाच लागला. ‘तुहं अन् लक्ष नाही? मस्करी नको करू वं ताई! आईच्या उजव्या डोळ्याच्या थेंबाचं विचारून राहिलो मी.’

मी त्याच्याबरोबर हसले.