विहिरीलाच पाजलेलं पाणी

मॅट्रिकला एकदा गचकलेला जावई अभ्यासासाठी सासुरवाडीला जाऊन राहतो, यापेक्षा लाजिरवाणं काय असेल? मी राहिलो. धुळ्याच्या आमच्या घरात माणसंच माणसं. बायको नुकतीच नांदायला आलेली. शेवटी रावेरकडून सासऱ्यांचा, म्हणजे नानांचा निरोप आला, "जवाईबापूंना केळीच्या मळ्यात पाठवा. पोरीलाही धाडा. परीक्षेपर्यंत राहू द्या." पास झालो तर कचेरीत चिकटणार होतो. पुन्हा आपटलो तर जन्मभर वडिलांच्या दुकानात कापड मोजत बसायचं.

मळ्यात शांतता होती, पण ती मला सोसेना. डोळे ओळीवर आणि चित्त भलतीकडेच. सकाळी नाना मोट धरत, तेव्हा मात्र काय व्हायचं कोण जाणे! बैल धावेवरून उतरू लागले की विहिरीवरचं चाक कुरकुरायचं, मोट वर आली की भसकन पाणी थारोळ्यात पडायचं, मग बैल मागे सरकत वर यायचे. पुन्हा कुरकुर, पुन्हा भसकन. बैल उतरताना मी सूत्राचा अर्धा भाग म्हणायचो, पाणी पडलं की उरलेला. काय पाठ व्हायचं म्हणून सांगू! मोट सुटली की माझं डोकंही सुटायचं.

हे मी कौतुकानं बायकोला सांगितलं आणि तिनं ते नानांच्या कानावर घातलं. मला पत्ताच नाही. तेव्हापासून मोट दुपारीही चालू लागली. मला वाटलं, ऊन वाढलंय, केळीला पाणी जास्त लागत असेल. गल्लीत वाढलेला मी, मला शेतीतलं काय डोंबल कळणार! मी आपला खुशीत घोकत होतो. सासूबाई कळण्याची भाकरी आणि भरीत पुढ्यात आणून ठेवत, तेही निलाजऱ्यासारखा चापत होतो.

एका दुपारी तहान लागली म्हणून विहिरीकडे गेलो आणि जागच्या जागी थिजलो. नानांनी केळीकडे जाणाऱ्या पाटाचं तोंड मातीनं बुजवलं होतं. थारोळ्याच्या दुसऱ्या अंगाला चर खणला होता. मोटेतलं पाणी थारोळ्यात पडत होतं आणि चरातून परत विहिरीत जात होतं. तेच पाणी वर, तेच पाणी खाली. बैलांच्या तोंडाला फेस आलेला, नानांचा सदरा पाठीला चिकटलेला.

बांधावर शेजारच्या मळ्यातले आबा उभे होते. ते हसत म्हणाले, "काय नाना, विहिरीलेच पानी पाजून राह्यले का?"

"हसा, हसा," नाना म्हणाले. "जवाई पास झाले की पेढे मागाले याल ना!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासऱ्यानं जावयाचे पाय धुवावेत ही रीत मला ठाऊक होती. जावयासाठी भर उन्हात बैलांमागे राबावं, ही कुठली रीत? पाणी न पिताच परतलो. त्यानंतर चाक कुरकुरलं की सूत्र आठवायच्या ऐवजी नानांची पाठच दिसायची. एक अक्षर डोक्यात शिरेना. शेवटी नानांसमोर जाऊन उभा राहिलो.

"नाना, दुपारची मोट पुरे आता. माझं सगळं पाठ झालंय."

"बठ्ठं?"

"बठ्ठं."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि बैल सोडले.

जळगावला परीक्षा दिली. पेपर पुढ्यात घेऊन नुसता पंख्याकडे बघत बसलो होतो, त्यामुळे निकाल काय लागणार हे मला आधीच कळलं होतं. निकालाच्या दिवशी मळ्यातच होतो. नानांनी रावेरहून निकालाचं वर्तमानपत्र आणवलं होतं. माझा नंबर त्यात नव्हता. ओट्यावर आबाही बसले होते. ते थट्टेनं बोलले असते तर परवडलं असतं. पण ते बिचारे बोट फिरवत माझा नंबर पुन्हा शोधू लागले.

"चूक माझी शे," नाना त्यांना म्हणाले. "मी मोट लवकर सोडली."

आता मात्र मला राहवेना. "नाना, तुमची कसली चूक? काही पाठ झालं नव्हतं. तुमचे हाल बघवेनात, लाज वाटली, म्हणून खोटं बोललो."

"माहीत होतं मला," नाना म्हणाले. "पण जवायाला खोटं कसं पाडायचं? ऑक्टोबरला पुन्हा बसा. यावेळेस तुम्ही पुरे म्हटलं तरी मी ऐकणार नाही."

मी ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म भरला. त्या पावसाळ्यात केळीत चिखल साचला होता, शिवारातल्या सगळ्या मोटा माळ्यावर पडल्या होत्या. आमच्या एकाच विहिरीवर चाक कुरकुरत होतं. येणारेजाणारे थांबून बघत, खुदकन हसत आणि पुढे जात. नाना डोक्यावर गोणपाट घेऊन बैल हाकत होते, आणि मी मान खाली घालून भूमिती घोकत होतो.