पान न गाळणाऱ्या मामी

आमच्या पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, लांबलचक वंशावळी येतात. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा आणखी कोणी. तिथं आलं की आम्ही शिकलेली माणसं चार पानं गुपचूप उलटतो. मळेवाल्या मामी नेमक्या तिथंच रंगात यायच्या. एकेका नावावर बोट ठेवून, अडखळत, मधेच खुदकन हसत वाचायच्या. मी एकदा विचारलं, "मामी, यात हसण्यासारखं काय आहे?" तर म्हणाल्या, "अवो बाई, इतक्या लोकायचं नाव आज कोन घेत असन? मी घेऊन राह्यली ना."

फार वर्षांपूर्वी जऊळक्याच्या मिशनशाळेत मी शिक्षिका होते आणि स्टेशनापलीकडे मामींचा भाजीचा मळा होता. वय पन्नाशीचं, नवरा गेलेला, मूलबाळ नाही. बाजारात वांगी-मेथीची पाटी रिकामी झाली की त्या शाळेत येऊन पहिलीच्या पोरींमागे बसायच्या. दोन वर्षांत मी त्यांना वाचायला शिकवलं. माझ्या हातून झालेलं एवढंच एक चांगलं काम, आणि पुढं त्याचाच मला घोर लागला.

मामी पहिल्या पानापासून ओळीनं वाचत. पुढची न वाचलेली पानं त्यांनी लुगड्याच्या काठाच्या पट्टीनं बांधून ठेवली होती. रोज दुपारी विहिरीजवळच्या जांभळीखाली एक पान वाचायचं आणि पट्टी एक पान सरकवायची. येशूची गोष्ट त्यांनी उपासनेत शंभरदा ऐकली होती, पण स्वतः वाचलेली नव्हती. "आजवर लोकायच्या पायानं गेली. आता माह्या पायानं जाईन," म्हणायच्या.

वाचलेली माणसं त्यांना शेजारपाजारच्यासारखी वाटत. परक्या मुलखात येऊन सासूसाठी कापणीनंतर शेतात पडलेली कणसं, सरवा, वेचणारी ती विधवा सून तर फारच लाडकी. मेथीची जुडी देता देता गिऱ्हाइकाला तिची खुशाली सांगायच्या, आणि गिऱ्हाईकही "मंग, पुढं काय झालं?" म्हणून पाटीपाशी रेंगाळायचं.

वाचनाच्या तिसऱ्या वर्षी मामी पुस्तक डोळ्यांच्या फार जवळ धरू लागल्या. मी त्यांना गाडीनं अकोल्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पिकल्याशिवाय काढता येत नाही, आणि काढल्यावर नजर येईलच असं नाही. परतीच्या वाटेवर मामी खिडकीतून कोणाची कपाशी कशी उभी आहे ते बघत होत्या. मी मुळातच काळजीखोर, भाकरी करपली तरी घर जळाल्याची भीती वाटणारी. मी मनातल्या मनात पानं मोजत होते. जुन्या करारातलीच संदेष्ट्यांची पुस्तकं अजून बरीच बाकी होती, आणि येशू येतो तो त्यापुढच्या नव्या करारात. येशूपर्यंत पोचायच्या आत मामींचे डोळे जाणार होते.

"मामी, मधली पानं राहू द्या. मी नंतर वाचून दाखवीन," मी विनवलं.

"पानी मधला वाफा टाकून पुढं जाते काय, बाई? मंग मी काहून जाऊ?"

रोज दुपारी मी मळ्यात जाऊन बसायची आणि त्यांचं बोट कुठवर सरकलं ते बघायची. एका पानाला दोन दिवस लागू लागले, मग चार. मला जेवण जाईना. शेवटी एका दुपारी मामी पाणी वळवायला गेल्या असताना मी पट्टी सोडली आणि नव्या कराराच्या पहिल्या पानापाशी बांधली. पोरींना शास्त्र शिकवणारी मी, शास्त्राच्याच बाबतीत लबाडी करत होते.

मामी आल्या, पदराला हात पुसून त्यांनी पुस्तक उघडलं. नव्या कराराची सुरुवातही वंशावळीनंच होते. बोट पहिल्या नावावर गेलं, दुसऱ्यावर गेलं. "याले मी वळखते. याच्या बापालेबी वळखते." मध्येच त्या थांबल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "अवं माय, तू इथं कशी?" ती सरवा वेचणारी सून त्यांना सापडली होती. बोट खाली खाली जात शेवटच्या नावाशी आलं. एकेक अक्षर जुळवत मामींनी ते वाचलं. येशू. या वेळी त्या हसल्या नाहीत. कितीतरी वेळ बोट तिथंच होतं.

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाई, पट्टी तुमी सरकवली."

मला रडू फुटलं. त्या रागावल्या नाहीत. आपलं सोडलेलं पान त्यांनी शोधून काढलं, पट्टी तिथं बांधली आणि म्हणाल्या, "आता मी मांगं जाते." त्यांनी मागं जाऊ नये म्हणून मी पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं होतं.

चैत्रात त्यांची नजर गेली. संदेष्ट्यांची वीसेक पानं तेवढी उरली होती. पुढं शस्त्रक्रिया झाली, पण उजेड आला नाही. मग मी वाचायची आणि त्या ऐकायच्या. आधी ती वीस पानं, मगच नवा करार. मी कुठं घाईनं ओळी उरकू लागले की गुडघ्यावर चापट बसायची. ते संदेष्टे मीही तेव्हाच पहिल्यांदा धडपणे वाचले, आणि मामी कशाला हसायच्या ते मला कळू लागलं.

माझी बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला गेले. पुन्हा भेट होणार नाही हे दोघींना माहीत होतं. मी विचारलं, "मामी, मला माफ केलंत ना?"

"लबाडी ते लबाडीच, बाई. माफी देवाजवळ मांगा." चाचपडत त्यांनी माझा हात धरला. "पन त्याचं नाव मी माह्या डोयानं वाचलं. नव्या करारातलं तेवढं एकच पान."

माफी मी रोज मागते. पश्चात्ताप मात्र अजून होत नाही, आणि त्याचीच मला काळजी लागून राहिली आहे.