सोफ्यावरची मधली जागा

रविवार, फायनलचा दिवस. आमचं गाव, उंद्री. टॉस व्हायच्या आत सगळे आपापल्या जागेवर.

हजर माणसं: मामंजी म्हणजे माझे सासरे, आरामखुर्चीत. आत्याबाई, माझ्या सासूबाई, खाली सतरंजीवर, टीव्हीकडे पाठ करून. आपण पाहिलं की आपले लोक आउट होतात, असं त्यांनी स्वतःच ठरवून घेतलं आहे. नवरा प्लास्टिकच्या खुर्चीत, उजवा पाय डाव्यावर. दीर दाराजवळ, रिमोट घेऊन. धाकटी जाऊ सोफ्यावर, बरोबर मधोमध.

मी, स्वयंपाकघरात.

या घरातल्या याद्या मी करते. किराणा, आमच्या कृषी केंद्रातल्या बियाण्यांच्या बॅगा, कोणाच्या लग्नात काय दिलं, गॅस कधी लावला. मॅचची यादीही माझ्याकडेच असते, कारण बिनसाखरेचा चहा कोणाचा आणि भज्यात मिरची कोणाला चालत नाही, हे कोणाला तरी माहीत असावं लागतं. त्या दिवशीही नेटचं रिचार्ज, इन्व्हर्टरचं पाणी, बेसन, कांदे, जास्तीचं दूध, सगळं दुपारीच झालं होतं. पण बसायच्या जागा मी ठरवलेल्या नाहीत. त्या ठरत गेल्या.

काही वर्षांपूर्वीच्या एका फायनलला मी चहाचा ट्रे घेऊन हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि आपला चांगला जमलेला फलंदाज त्रिफळाचित झाला. कप वाटून परत फिरते तोच दुसरा गेला. नवरा हसत म्हणाला, "अवं, आज तू आतच राह्य बरं." सगळे हसले. मीही हसले. ती मॅच आपण हरलो. पुढच्या मॅचला मी आतच होते आणि आपण जिंकलो. झालं. कोणी मला रागावून काही बोललं नाही, कोणी नियम केला नाही. फक्त मी दारात दिसले की चार हात वर व्हायचे, वाहतूक थांबवतात तसे.

धाकटी जाऊ त्यानंतर या घरात आली. नवी सून म्हणून पहिल्या मॅचला तिला सोफ्यावर मधोमध बसवलं आणि आपण सहज जिंकलो. तिचं माहेर शेगाव. "महाराजाच्या गावची पोरगी हाय. पायगुन चांगला," आत्याबाई म्हणाल्या, आणि ती जागा तिची झाली. माझं माहेर हिवरा आश्रमाजवळचं. तिथेही मोठा आश्रम आहे, उत्सवाला माणसांची रीघ लागते. पण त्याचा माझ्या पायाला काही उपयोग झाला नाही.

मला तिचा हेवा वाटतो. हे मी सरळच लिहिते, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल. ती माझ्यापेक्षा तरुण आहे, तिच्या हातचे लाडू वळतात आणि माझे फुटतात, याचं मला काही नाही. हेवा त्या जागेचा आहे.

कारण क्रिकेट माझं आहे. माझे वडील भुईमुगाच्या शेतात निंदताना ट्रान्झिस्टर बांधावर ठेवायचे आणि मी बांधावर बसून धावफलक मांडायची. एका ढेकळाला दहा धावा, विकेट पडली की एक काडी. चित्र नव्हतं, तरी चेंडू कुठून कुठे गेला ते मला दिसायचं. आजही पंचाचं बोट वर जायच्या आधी पायचीत आहे की नाही ते मी सांगू शकते. आणि माझी जाऊ षटक संपल्यावर विचारते, "आता हा तिकडून काऊन टाकून राह्यला?" विचारते आणि पुन्हा मोबाईलमध्ये बघते. मॅच चालू असताना ती टीव्हीचा फोटो काढून स्टेटसला टाकते, खाली तीन झेंडे. शेगावहून, पुण्याहून, नागपूरहून नातेवाईक लिहितात, "तू बसली आहेस ना जागेवर? हलू नकोस!" ते स्टेटस मी स्वयंपाकघरातून बघते. बघितल्याचं तिला दिसतं, हे माहीत असूनही बघते.

आपल्याकडे क्रिकेट अकरा जण खेळतात आणि बाकीचा देश न हलता मदत करतो. देशासाठी काय केलंस असं माझ्या नवऱ्याला कोणी विचारलं, तर तो सांगेल, पायाला मुंग्या आल्या तरी पाय बदलला नाही. मामंजी रोज सकाळी मोबाईलवर सोयाबीनचा भाव बघतात, ढग कुठवर आलेत ते नकाशावर बघतात. त्याच मामंजींनी दिवाळीत दिराने भिंतीवरचा नवा टीव्ही आणला तेव्हा आधी त्याला हळदकुंकू लावलं, मग बटण दाबू दिलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तबक मीच आणून दिलं होतं. आपण नवं यंत्र झटकन घरात घेतो, पण त्यालाही घरच्या समजुतीप्रमाणे वागावं लागतं, सुनेसारखं.

हा नवा टीव्ही नेटवर चालतो. गच्चीवरची डिशची छत्री तशीच आहे, तिचं रिचार्ज आम्ही बंद केलं. जुना टीव्ही पलंगाखाली गेला.

तर फायनल. समोरच्यांनी भरपूर धावा केल्या होत्या आणि आपली फलंदाजी सुरू झाली होती. मी भजी तळत होते. उकाडा आणि तेलाचा धूर, म्हणून थंडीभर बंद असलेली खिडकी उघडली. ती शेजारच्या निवृत्त मास्तरांच्या अंगणात उघडते. मास्तरांकडे अजून छत्रीवरचाच टीव्ही आहे, आणि त्या दिवशी त्यांनी तो अंगणात मांडला होता. अर्धी गल्ली तिथे होती.

अंगणातून एकदम "हेऽऽऽ" झालं. मी झाऱ्या हातात धरून हॉलकडे कान लावला. हॉल गप्प. मला वाटलं, मास्तरांकडे जाहिरातीलाच ओरडतात की काय. घाणा उतरवला, दुसरा सोडला, आणि मग आमच्या हॉलमध्ये आरडाओरडा झाला. "सिक्स! सिक्स!"

पुन्हा तसंच. अंगणात टाळ्या, माझा कांदा चिरून होतो न होतो तोच हॉलमध्ये टाळ्या. तिसऱ्यांदा मी गॅस बारीक करून नुसती उभी राहिले. काही शंका उरली नाही. मास्तरांचा टीव्ही पुढे होता, आमचा मागे. नेटवरचं चित्र उशिरा येत होतं. देश खेळत होता तो त्या अंगणात. आमच्या हॉलमध्ये तो अर्धा-पाऊण मिनिट मागून येत होता, आणि आमचे लोक त्यासाठी पाय न हलवता बसले होते.

मला हसू आलं. मग पुढच्याच चेंडूला अंगणातून लांबलचक "अर्रर्र" आलं. विकेट. आणि त्यानंतर, दारातून मला दिसलं, जाऊ चार्जर घ्यायला सोफ्यावरून उठली. ती कपाटाजवळ पोचली आणि टीव्हीवर आपला फलंदाज झेल देऊन परत निघाला.

"कोन उठलं?" मामंजी गरजले.

"मी, चार्जर..."

"चार्जर पाह्यजे तुले? इथं मॅच चालली हातची, आन् तुले चार्जर पाह्यजे?"

दिराने मान खाली घातली. नवरा म्हणाला, "जाऊ द्या ना बाबा," पण त्याचाही चेहरा पडला होता. त्या घरात पहिल्यांदा तिच्यावर विकेट लागली होती. मी दोन पावलांवर उभी होते. तिची काही चूक नाही हे मला एकटीलाच माहीत होतं, आणि मला बरं वाटत होतं. भजी लाल होईपर्यंत बरं वाटत राहिलं.

ती आत आली. डोळे भरलेले. "ताई, खरंच माह्याच्यानं गेली का वं?"

ती तसं विचारेल असं मला वाटलं नव्हतं. मला वाटायचं, मधल्या जागेवर बसणाऱ्या माणसाला भीती नसते.

"नाही," मी म्हणाले. "तू उठायच्या आधीच तो गेला होता." तिला खिडकीशी आणलं. "ऐक. आता तिकडे ओरडले ना? आता आपल्या हॉलकडे लक्ष ठेव."

अंगणात टाळ्या वाजल्या होत्या. आम्ही दोघी थांबलो. मग हॉलमधून दिराचा आवाज आला, "चौका!"

जावेने तोंडावर हात ठेवला. मग पदर सावरून ती तरातरा बाहेर गेली आणि तिने सगळं जाहीर केलं.

"हाव, नेटवर लेट येते," दीर म्हणाला. त्याला माहीत होतं. तो इतका वेळ गप्प बसला होता!

"म्हंजे हिच्या उठन्यानं काही झालं नाही," आत्याबाई टीव्हीकडे पाठ ठेवूनच म्हणाल्या.

"काहीच नाही," जाऊ म्हणाली. "आन् मंग ताईच्या येन्यानं बी काही होत नाही."

मी दारात होते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मामंजींनी विचार केला. खरंच विचार केला, कपाळाला आठ्या पडेपर्यंत.

"थे या नव्या टीव्हीचं झालं," ते म्हणाले. "मोठीच्या टायमाले जुना टीव्ही होता. छत्रीचा. त्याच्यावर तं तवाच्या तवा दिसे."

नवरा म्हणाला, "हे बी बराबर हाय."

मी शोध लावला आणि निर्दोष सुटली ती. मी परत आत गेले. मागून मामंजींचा आवाज आला, "आन् मास्तरले आपल्या आधी समजते म्हंजे काय? मोठे, उद्याच छत्रीवाल्याले फोन लाव. छत्री चालू करून घे. आन् थे खिडकी लाव. आपली मॅच आपन पाहू."

खिडकी मी ओढून घेतली. कडी लावली नाही.

जाऊ पुन्हा आत आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. "ताई, शेवटची ओवर हाय. तुमी जा, बसा माह्या जागेवर. मले नाही बसायचं आता. जीव धडधडते."

"तुला हाकलतील मग."

"हाकलू द्या. तुमाले समजते तरी काय चाललं थे."

मी हात पुसले आणि दारापर्यंत गेले. लगेच नवऱ्याचा हात वर. "थांब, थांब! तिथंच." आपल्याला शेवटच्या चेंडूवर चार धावा हव्या होत्या. गोलंदाज अजून चेंडू पँटला घासत होता. माझा पाय उंबऱ्याच्या अलीकडेच राहिला. सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं, कानांनी ऐकलं होतं, जावेला समजावून सांगितलं होतं, तरी पाय उचलत नव्हता. मी गेले आणि हरलो तर?

तेवढ्यात खिडकीच्या फटीतून अंगण फुटल्यासारखा आवाज आला. ताटं वाजली. फटाके लागले.

मग मी गेले. सरळ टीव्हीसमोरून, मामंजींच्या आरामखुर्चीला वळसा घालून, सोफ्याच्या मधोमध जाऊन बसले.

"अवं उठ! उठ तिथून!" नवरा ओरडला.

"वहिनी!" दीर ओरडला.

मी मांडीवर हात ठेवून बसून राहिले. गोलंदाज धावत निघाला, चेंडू पडला, फलंदाजाने पुढे येऊन तो सरळ डोक्यावरून मारला. तो कुठे पडणार हे मला आधीच माहीत होतं. तरी माझे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत आपल्याला जिंकून देणारा फटका मी पहिल्यांदा समोर बसून पाहिला.

सगळे नाचले. आत्याबाईंनी वळून टीव्हीला हात जोडले. जिंकलो तर हवा म्हणून मी शिरा करून ठेवला होता, मामंजींनी त्याची वाटी मागवली. मला वाटलं, आता कोणीतरी म्हणेल, मोठी बसली आणि जिंकलो.

मामंजी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते. तिथे जाऊ उभी होती, हातात झाऱ्या.

"पाह्यलं?" ते म्हणाले. "धाकटी आत गेली आन् काम झालं. आता पुढच्या मॅचले तिची जागा तिथंच."

पहिला घास तिला मिळाला. दीर माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "वहिनी, तुमाले आवाज आला होता ना आधी?" मी म्हणाले, "कसला आवाज?"

म्हणजे आता सोफा माझा आहे. आणि तिला ती खिडकी मिळाली आहे, जिच्यातून सगळं आधी कळतं. आज सकाळी ती तिथे उभं राहून फुटाणे खात मास्तरीणबाईंशी गप्पा मारत होती, आणि मला त्याचाही हेवा वाटला.

फायनलनंतरची माझी यादी: सतरंजी झटकायची, तळणाचं तेल गाळायचं, गॅस नोंदवायचा, मास्तरांकडे शिरा पाठवायचा, छत्रीवाल्याला फोन. बाकी सगळं त्याच दिवशी झालं. माझ्या यादीतलं काम सहसा मागे राहत नाही. पण छत्री चालू झाली की चित्र वेळेवर येईल, आणि विकेट पडेल तेव्हा सोफ्यावर मधोमध मी असेन.

"केला का वं फोन?" मामंजी जेवताना विचारतात.

"लागत नाही," मी सांगते.

नंबर माझ्याकडे आहे. फोन करायचा राहिला आहे.