कादंबरीतला मुनीम मीच

आता कसं सांगावं तुम्हाला! स्वतःची फजिती बघायला स्वतःच तिकिटं काढून सोयऱ्यांना घेऊन जाणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. तो मी. बसा, चहा येईपर्यंत सांगून होईल.

माझा अर्धापूरला केळीचा धंदा, घर नांदेडला. माझे मित्र दिगंबर मास्तर यांनी आमच्या भागावर एक कादंबरी लिहिली. पहिली प्रत माझ्या हातात देऊन म्हणाले, "शेठ, तुमी बी हायेत याच्यात. शोधा."

मी शोधलं. नायक विशीतला, म्हणजे मी नाही. सावकार लबाड, म्हणजे मी नाहीच. पण शिवाप्पा नावाचा एक मुनीम होता. पुरात अडकलेली माणसं पाठीवर घेऊन टेकडीवर पोचवणारा. वाचता वाचता मला भरून आलं. मास्तरला माझी इतकी पारख असेल असं वाटलं नव्हतं. आता मला पोहता येत नाही, ही गोष्ट वेगळी. लेखक थोडं वाढवून लिहितातच.

मास्तरला विचारून खात्री करून घ्यावी, हे सुचलं का? कशाला सुचेल? मोंढ्यात, बारशाला, तेराव्याला, जिथं चार माणसं भेटतील तिथं मी सांगत सुटलो की तो मुनीम मीच. पुस्तक कुणी वाचलेलं नव्हतं, त्यामुळे काही वर्षं बरी गेली.

मग त्या कादंबरीवर पिक्चर आला. त्याच आठवड्यात शिरूर अनंतपाळचे बसवराज आप्पा कुंकवाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख ठरवायला नांदेडला आमच्याकडं आले. त्यांच्या मुलाला आमची रूपाली पसंत होती, आणि रूपालीला तो मनापासून आवडला होता. मी म्हटलं, तारीख काय, संध्याकाळी ठरवू, आधी पिक्चर बघू.

बायको म्हणाली, "आधी एकटे तरी बघून या."

तिचं ऐकलं असतं तर आज तुम्हाला सांगायला काही नसतं.

थिएटरात मी आप्पांच्या कानाला लागलो. "मुनीम आला की दावतो तुम्हाला. तो मीच. अगदी जसाच्या तसा."

मुनीम आला. आल्या आल्या त्यानं एका विधवेला धान्याच्या मापात फसवलं. मी म्हटलं, पुढं सुधारत असेल. मग पूर आला. मी खुर्चीत ताठ बसलो. मुनीम पाठीवर ओझं घेऊन टेकडी चढत होता. ते ओझं म्हणजे देवळातला चांदीचा मुखवटा, आणि खाली नायकाची आई बुडत होती.

मध्यंतरात आप्पांनी समोसा नको म्हणून सांगितलं.

पिक्चर सुटल्यावर सगळे हॉटेलात बसलो. आप्पा कपाकडं बघत म्हणाले, "शेठ, तारखेचं जरा दमानं बघू. आमच्या घरी देवाधर्माचं लई हाय."

"आप्पा, पुस्तकात मुनीम देवमाणूस हाय हो. पिक्चरवाल्यांनी बदललाय."

"तुमीच म्हनलात की, जसाच्या तसा."

माझ्या बढाईपायी पोरीचं लग्न मोडायची वेळ आली होती. रूपालीच शेवटी म्हणाली, "बाबा, मास्तर काकांला फोन लावा. स्पीकरवर."

लावला. "मास्तर, आप्पांना सांगा, कादंबरीतला मुनीम कसा हाय ते."

"लई चांगला मानूस. पिक्चरमधी त्याचं वाटोळं करून टाकलं."

"ऐकलंत आप्पा? मास्तर, अन् तो मुनीम कोन हाय, ते बी सांगा."

"आमचे आजोबा."

मी हळूच विचारलं, "मग मी कोन?"

"तुमी त्या लग्नाच्या प्रकरणात. आहेर पुकारायचा माईक हातात घेऊन सोताचंच सांगत बसतो, अन् नवरा-नवरी ताटकळून राहतात, तो केळीवाला. सापडला न्हाई तुमाला?"

"पिक्चरमधी तर दिसला न्हाई."

"काढून टाकला. डायरेक्टर म्हनला, एवढी फुशारकी मारनारा मानूस पब्लिकला खरा वाटनार न्हाई."

आप्पांचे खांदे हलायला लागले. त्यांनी पहिल्यांदा कप उचलला. "मुखवटेवाले न्हाईत ना तुमी, मग काई अडचन न्हाई," ते म्हणाले. "अन् तो केळीवाला तर मला सकाळपासून खरा वाटून राहिला."

तारीख ठरली, पुढं लग्नही थाटात झालं. आहेर पुकारायची वेळ आली तेव्हा आप्पांनी माईक स्वतःकडं घेतला, आणि मांडव रिकामा होईपर्यंत माझ्या हाताला लागू दिला नाही.